दिवाळे निघाले तर राहते घर जाते काय?

'दिवाळे' हा शब्द तोंडाने उच्चारायलाही माणूस कचरतो. पूर्वी एखाद्या व्यापाऱ्याला देणे फेडता आले नाही, म्हणजे तो भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे. दिवा पाहिला की धनकोंनी समजावे, आता इथे काही उरलेले नाही. त्यावरून 'दिवाळे' हा शब्द आला असे सांगतात. कोर्टाच्या भाषेत याच गोष्टीला 'नादारी' म्हणतात. ज्याला देणे फेडता येत नाही तो नादार.

नादारी ही शिवी नव्हे, गुन्हाही नव्हे. तो कायद्याने ठेवलेला एक रस्ता आहे. पण आपल्याकडे माणूस सावकाराचे दार ठोठावील, मेव्हण्यापुढे हात पसरील, रात्रीतून गाव सोडील. या रस्त्याची मात्र चौकशी करणार नाही. कारण त्याच्या मनात एकच भीती असते. "घर जाईल ना जी? मग लेकरं कुठं ठेवू?"

ही भीती खोटी नाही. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या डोरली गावच्या लोकांनी २००५-०६ च्या सुमारास 'गाव विकणे आहे' असा फलक लावला होता, हे पुष्कळांना आठवत असेल. कपाशीच्या कर्जाने लोक टेकीस आले होते. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. कर्जापायी किती घरांतला कर्ता माणूस गेला, ते तुम्हांला मी सांगायला नको. त्यातल्या काही जणांना कोणी वेळेवर सांगितले असते की 'बाबा, तुझ्या राहत्या घराला कायदा हात लावू देत नाही', तर काय झाले असते? म्हणून ही गोष्ट नीट समजून घेऊ.

आपल्याकडे लागू असलेला कायदा १९२० सालचा आहे. त्याचे नाव प्रांतीय नादारी कायदा. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन शहरांसाठी १९०९ सालचा वेगळा कायदा आहे. वर्धा त्या वेळी मध्य प्रांतात होते, म्हणून आपल्याकडे प्रांतांचा कायदा आला. पुढे १९५६ साली आपण मुंबई राज्यात गेलो, १९६० साली महाराष्ट्र झाला, पण कायदा तोच राहिला.

या कायद्याचा सौदा साधा आहे. ऋणको कोर्टाला सांगतो, 'माझ्याजवळ जे आहे ते सगळे हे असे आहे. मी काही लपवलेले नाही. याहून जास्त मला देणे होत नाही.' अर्ज करायला निदान पाचशे रुपयांचे कर्ज हवे, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यापायी अटक वा जप्ती झालेली हवी. अर्ज जिल्हा कोर्टात होतो. खालच्या कोर्टाला सरकारने तसा अधिकार दिला असेल तर तेथेही होतो. कोर्टाने नादार ठरवले की मालमत्ता रिसीव्हरच्या ताब्यात जाते. तो ती विकतो आणि पैसे सर्व धनकोंना ज्याच्या त्याच्या येण्याच्या प्रमाणात वाटतो. मग एकेका धनकोने वेगवेगळी फिर्याद लावून ओढाताण करायची नाही. पुढे कोर्ट मुक्ततेचा हुकूम देते आणि उरलेले देणे सुटते.

आता घराचे पाहू.

नादाराची मालमत्ता म्हणजे त्याची यच्चयावत मालमत्ता नव्हे. १९०८ सालच्या दिवाणी व्यवहार संहितेच्या कलम ६० मध्ये काही वस्तू जप्तीतून वगळल्या आहेत. त्या नादारीतही वगळल्या जातात. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या चालीप्रमाणे बाईने अंगावेगळा करू नये असा दागिना, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, पोटापुरती शेती करण्याला लागणारे बैल आणि बियाणे, या त्या वस्तू. मजुराची मजुरीही त्यातच येते. आणि त्याच यादीत आहे शेतकऱ्याचे, मजुराचे किंवा घरगड्याचे राहते घर. घराखालची जागा, घराला लागून असलेले व वापराला आवश्यक असे अंगण, हेही सुटते. शेतीच्या कामाचा गोठा हीसुद्धा इमारतच आहे.

'राहते' या शब्दावर बोट ठेवा. घर त्याचे स्वतःचे पाहिजे आणि तो त्यात राहत असला पाहिजे. गावात एक घर, वर्ध्याला भाड्याने दिलेले दुसरे, असे असेल तर दुसरे सुटत नाही.

'शेतकरी' या शब्दाचाही अर्थ ठरलेला आहे. १९७६ च्या दुरुस्तीने तो कायद्यात लिहून दिला. जो स्वतः जमीन कसतो आणि ज्याचे पोट मुख्यतः शेतीच्या उत्पन्नावर चालते तो शेतकरी. तो मालक असो, कुळ असो, बटाईने करणारा असो, की शेतमजूर असो. माझ्यासारखा पेन्शनर, ज्याचे चार एकर दुसराच कोणी कसतो, तो या व्याख्येत बसायचा नाही. हिंगणघाटचा कापड दुकानदारही बसायचा नाही, मग त्याच्या सातबाऱ्यावर नाव असले तरी.

त्याच दुरुस्तीत आणखी एक फार चांगली गोष्ट झाली. काही सावकार कागदात लिहून घेत, 'कायद्याने मिळणारी सवलत मी सोडली आहे'. अशा लिहून दिलेल्या कराराला आता काही किंमत नाही. सही केली असली तरी सवलत कायम राहते.

घर राहते, पण शेत राहते काय? नाही. बैल राहतात, वखर-तिफण राहते, बियाणे राहते. मात्र शेतजमीन त्या यादीत नाही. हे कडू सत्य आधीच समजलेले बरे. नादारीचा अर्ज करणाऱ्या शेतकऱ्याने घर वाचले म्हणून समाधान मानण्याआधी जमिनीचा हिशेब मांडावा.

आता खरी मेख. घर गहाण असेल तर?

इथे फार लोक फसतात. कलम ६० ची ढाल साध्या देण्यापुरती आहे. दुकानाची उधारी, हातउसने पैसे, कागदावरचे कर्ज, यासाठी ती चालते. पण तुम्ही स्वतःच घर तारण लिहून दिले असेल, तर त्या गहाणदाराला ती ढाल अडवत नाही. नादारीही त्याला अडवत नाही. तारण असलेल्या धनकोचा हक्क नादारीच्या बाहेर राहतो, असे १९२० चा कायदाच सांगतो. तारण बँकेकडे असेल तर २००२ च्या कायद्याप्रमाणे ती कोर्टात न जाताही घर ताब्यात घेऊ शकते. त्याआधी तिने साठ दिवसांची लेखी नोटीस दिली पाहिजे. नोटिशीला लेखी हरकत घेतली तर बँकेने पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर दिले पाहिजे. पुढे ताब्याची कारवाई झाली तर पंचेचाळीस दिवसांत नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. लिलावाची जाहिरात निघण्याआधी सर्व बाकी खर्चासह भरली तर घर सुटते. बाकी एक लाखाच्या आत असेल, किंवा मुद्दल आणि व्याज मिळून वीस टक्क्यांपेक्षा कमीच देणे उरले असेल, तर हा झटपट रस्ता बँकेला मोकळा नाही.

म्हणून एक गोष्ट गाठीशी बांधावी. पाच हजारांच्या उधारीसाठी घराचे गहाणखत करून देणे म्हणजे असलेली ढाल आपल्या हाताने काढून देणे होय. हप्ते थकले की कर्ज देणारा गोड बोलून म्हणतो, "जुनं कर्ज फिरवून देतो, फक्त घराचा कागद लिहून द्या." त्या वेळी घरी येऊन घरधनिणीला विचारावे, चार दिवस थांबावे. मी तर म्हणेन, त्या वेळी बाईचे जरूर ऐकावे. घर गेल्यावर काय होते हे तिला पुरुषापेक्षा लवकर दिसते.

आता ज्याला कलम ६० ची ढाल नाही त्याचे काय? समजा, एक किराणा दुकानदार आहे. घर स्वतःचे आहे, गहाण नाही. घराची किंमत तीन लाख. दुकानातला माल पन्नास हजारांचा. सहा जणांचे मिळून चार लाख देणे आहे. दुकान बसले. त्याने काय करावे?

त्याच्यापुढे नादारीच्या दोन तऱ्हा आहेत. एक, पुरी नादारी. घर आणि माल रिसीव्हर विकील. लिलावात घराला बाजारभाव येत नाही. रिसीव्हरचा मेहनताना व खर्च त्यातून जाईल. समजा तीन लाख हाती आले, तर धनकोंना रुपयात बारा आणे मिळतील. दुकानदार मोकळा होईल, पण घराबाहेर.

दुसरी तऱ्हा तडजोडीची. नादार ठरल्यावर ऋणकोने कोर्टात योजना मांडायची. 'माझे घर विकू नका. मी तुम्हांला तेच बारा आणे देतो. दरमहा पाच हजार, साठ महिने.' साठ पंचे तीनशे, म्हणजे तीन लाख पुरे होतात. धनकोंना लिलावात जे मिळाले असते तेच मिळते, आणि दुकानदाराची पोरे त्याच छपराखाली राहतात. हा रस्ता कायद्याच्या कलम ३८ मध्ये आहे. आश्चर्य असे की याची माहिती शिकलेल्यांनाही नसते.

पण याला मते लागतात. येणे शाबीत केलेले जे धनको स्वतः किंवा वकिलामार्फत हजर असतील, त्यांच्यातल्या निम्म्यांहून अधिकांनी होकार दिला पाहिजे. शिवाय होकार देणाऱ्यांचे येणे एकूण येण्याच्या पाऊण हिश्श्याइतके भरले पाहिजे. आपल्या उदाहरणात सहाही जण आले तर निदान चार जण आणि तीन लाख रुपये पाहिजेत. समजा, एका ठोक व्यापाऱ्याचे एकट्याचे एक लाख वीस हजार आहेत आणि तो अडून बसला. मग उरलेल्या पाच जणांचे दोन लाख ऐंशी हजारच होतात. पाच जण राजी असूनही योजना पडली! तेव्हा कोर्टात जाण्याआधी मोठ्या धनकोच्या घरी जाऊन बसावे. लहानांना मागाहून भेटले तरी चालते.

मते पडली म्हणजे झाले असेही नाही. योजना वाजवी आहे काय आणि सर्व धनकोंच्या हिताची आहे काय, हे कोर्ट पाहते. ऋणकोने हिशेब ठेवला नाही, उधळपट्टी केली, सट्टा खेळला, असे काही निघाले, तर सर्व बिनतारणी देण्यावर रुपयाला निदान सहा आणे मिळतील अशी हमी असल्याशिवाय कोर्ट योजना मान्य करीत नाही. आणे व्यवहारातून १९५७ साली जाऊ लागले, पण कायद्यात ते अजून बसून आहेत. सहा आणे म्हणजे साडेसदतीस पैसे.

योजना मान्य झाली की नादारीचा हुकूम रद्द होतो. माणूस पुन्हा आपल्या घराचा आणि दुकानाचा धनी होतो. मात्र हप्ते चुकले तर कोर्ट त्याला परत नादार ठरवू शकते. म्हणून झेपेल तेवढाच आकडा बोलावा. कोर्टात उगीच फुशारकीने आठ हजारांचा हप्ता कबूल करून सहाव्या महिन्यात तोंड लपवण्यापेक्षा पाच हजार सांगून पुरे करावे.

आणि जिथे काहीच नाही, सगळी मालमत्ता मिळून पाचशे रुपयांचीही नाही, तिथे कोर्ट संक्षिप्त पद्धतीने काम चालवते. कमी नोटिसा, कमी फेऱ्या. ज्याचे घर कलम ६० ने वाचले आहे आणि घराबाहेर विकण्यासारखे काही नाही, अशा शेतमजुराला पुरी नादारीच बरी. त्याचे जाण्यासारखे काही नसते. तडजोडीचे हप्ते कबूल करून त्याने आणखी पाच वर्षे स्वतःला का बांधून घ्यावे?

पण नादारी ही गंगेतली डुबकी नव्हे की सगळेच धुऊन निघेल. सरकारचे देणे राहते. फसवणूक करून घेतलेले कर्ज राहते. बायकोमुलांच्या पोटगीचा हुकूम राहतो. आणि जामीनदार सुटत नाही! तुमच्या कर्जाला भाऊ जामीन असेल, तर तुम्ही मोकळे व्हाल आणि धनको भावाच्या दारात उभा राहील. अर्ज करण्याआधी त्या भावाला सांगणे हे निदान माणुसकीचे आहे.

मुक्तता मिळेपर्यंत बंधनेही आहेत. पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त उधारी घ्यायची तर 'मी नादार आहे' हे सांगितले पाहिजे. न सांगितले तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. स्थानिक संस्थेत निवडून येता येत नाही. या काळात नवीन काही मिळकत झाली, वारशाने काही आले, तर तेही रिसीव्हरकडे जाते. शिवाय मुक्तता आपोआप मिळत नाही. कोर्टाने दिलेल्या मुदतीत तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. पुष्कळ लोक पहिला हुकूम मिळाला की घरी जाऊन बसतात. मुदत टळते, नादारीच रद्द होते, आणि धनको पुन्हा मोकळे होतात. मुक्ततेच्या वेळी कोर्ट हेही पाहते की मालमत्ता देण्याच्या आठ आण्यांइतकी, म्हणजे निम्म्याइतकी आहे काय. नसेल तर ऋणकोने दाखवावे लागते की हे त्याच्या दोषाने झाले नाही. तीन वर्षे पाऊस पडला नाही, बोंडअळीने कपाशी खाल्ली, घरात मोठे दुखणे आले, याचे कागद जपून ठेवावे ते यासाठी. तलाठ्याचा पंचनामा, दवाखान्याची बिले, पीक कर्जाचे पासबुक, काही फेकू नका.

आता एका युक्तीविषयी. "घर बायकोच्या नावानं करून टाक, मग कोण घेते?" असा सल्ला चावडीवर फुकट मिळतो. तो ऐकू नये. अर्जाच्या आधी दोन वर्षांच्या आत योग्य मोबदला न घेता केलेले हस्तांतर रिसीव्हर रद्द करून घेऊ शकतो. एकाच धनकोला झुकते माप म्हणून तीन महिन्यांच्या आत काही लिहून दिले असेल तर तेही रद्द होऊ शकते. वर लबाडीचा ठपका बसतो आणि मुक्तता अडते. शेतकऱ्याच्या बाबतीत तर हा वेडेपणाच आहे. जे घर कायद्याने आधीच सुरक्षित होते, ते दुसऱ्याच्या नावे करून तो स्वतःच संशयात पडतो. बायकोचे घर तिच्या स्वतःच्या पैशाने घेतलेले किंवा तिच्या माहेरकडून आलेले असेल, तर ते तिचेच आहे; नवऱ्याच्या देण्याला ते लागत नाही. तसेच वाडवडिलांच्या घरात भावाचा हिस्सा असेल तर तो भावाचाच.

आपल्याकडे आणखी एक प्रकार फार. सावकार गहाणखत करीत नाही. सरळ खरेदीखत करून घेतो. तोंडी म्हणतो, "पैसे दिले की परत करून देतो." मग पैसे दिले तरी परत करीत नाही. अशा वेळी नादारीच्या कोर्टात जाण्याआधी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाच्या कचेरीत जावे. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ साली झाला. त्यात कलम १८ आहे. सावकारीच्या व्यवहारात घर किंवा जमीन सावकाराच्या ताब्यात गेली असेल, तर पंधरा वर्षांच्या आतल्या व्यवहाराची चौकशी उपनिबंधक करू शकतो. ती विक्री नसून सावकारीच होती असे ठरले, तर तो कागद रद्द ठरवून घर परत देण्याचा हुकूम देऊ शकतो. म्हणून पैसे नेऊन देताना पावती मागावी. पावती देत नसेल तर चार लोकांसमक्ष द्यावे, किंवा बँकेतून पाठवावे.

वर्तमानपत्रात तुम्ही २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेबद्दल वाचले असेल. त्यात अगदी गरिबांसाठी 'नवी सुरुवात' नावाची सोय लिहिली आहे, पण ज्याच्या मालकीचे घर आहे त्याला ती मिळत नाही! १ डिसेंबर २०१९ पासून या संहितेचा व्यक्तींविषयीचा भाग लागू केला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. तेव्हा शेतकऱ्याने, दुकानदाराने त्या नावाने घाबरू नये आणि त्याच्या भरवशावरही बसू नये.

हा सगळा खटाटोप करण्यापूर्वी एक सोपे काम आहे. कोर्टाचे समन्स आले की तारखेला हजर राहणे. समन्स घेतले नाही, बेलीफ आला की मागच्या दाराने शेतात गेलो, असे केल्याने एकतर्फी हुकूमनामा होतो. हजर राहिले तर हुकूमनामा देतानाच कोर्ट पुरेशा कारणावरून हप्ते बांधून देऊ शकते. एकदा हुकूमनामा झाला की मग हप्त्यांना धनकोची संमती लागते. म्हणजे पहिल्या तारखेची किंमत किती, ते पाहा! लोकअदालतीतही तडजोड होते, आणि तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो.

तुरुंगाची भीती कोणी घातली तर घाबरू नये. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही. आणि केवळ गरिबीमुळे पैसे देता येत नाहीत म्हणून माणसाला तुरुंगात घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली सांगितले आहे. पैसे असून लपवणाऱ्याची गोष्ट वेगळी.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर वर्ध्याच्या जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी आहे. आर्वी, हिंगणघाट अशा तालुक्याच्या कोर्टांतही तालुका समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथे वकील फुकट मिळतो. जाताना हे कागद न्यावे: सातबारा व आठ-अ, ग्रामपंचायतीचा घराचा नमुना आठ, आलेले समन्स किंवा नोटीस पाकिटासकट, आणि देण्याची यादी. यादीत कोणाचे किती, केव्हा घेतले, तारण काय दिले आणि जामीन कोण, एवढे लिहावे. स्वतःला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून लिहून घ्यावे. पण एकही धनको वगळू नये, मग तो सख्खा साळा का असेना.